टी. व्ही. रामकृष्णन यांची कारकीर्द आणि आपल्याकडचे थिन फिल्मचे प्रकल्प

प्रश्न : कागलकर

नमस्कार. मी कोल्हापुरातील एका महाविद्यालयात बी.एस्सी.च्या वर्गांना भौतिकशास्त्र शिकवतो. विज्ञान दिनानिमित्त तृतीय वर्षाच्या विद्यार्थ्यांसमोर एखाद्या भारतीय भौतिकशास्त्रज्ञावर तासभर बोलायचे आहे. रामन, बोस, साहा, भाभा ही नावे दरवर्षी होतातच. म्हणून यंदा संघनित द्रव्य भौतिकीतील (घन आणि द्रव पदार्थांच्या भौतिकशास्त्रातील) टी. व्ही. रामकृष्णन यांच्यावर बोलावे असे मनात आहे. त्यांच्याविषयी मला असलेली माहिती मात्र बहुतांशी सन्मानांची आहे : शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार, २००० साली रॉयल सोसायटीचे सदस्यत्व, २००१ साली पद्मश्री, २००४ ते २००६ या काळात भारतीय विज्ञान अकादमीचे अध्यक्षपद. एवढेच वाचून दाखवले तर मुले पाचव्या मिनिटाला मोबाइल काढतील, आणि त्यांना दोष देता येणार नाही.

माझ्या अडचणी दोन आहेत. त्यांचे सर्वांत गाजलेले १९७९ चे काम, म्हणजे ‘लोकलायझेशन’चे (पदार्थातील अशुद्धींमुळे इलेक्ट्रॉनच्या लहरी जागीच अडकून पडण्याचे), प्रिन्स्टनमध्ये झाले. तेव्हा ‘भारतात राहूनही पहिल्या दर्जाचे सैद्धांतिक संशोधन होते’ याचे उदाहरण म्हणून ही कारकीर्द मांडावी, की तो दावा ओढूनताणून आणलेला ठरेल? दुसरे असे की आमचे बरेच विद्यार्थी पुढे शिवाजी विद्यापीठात एम.एस्सी.ला जातात, आणि तिथे प्रकल्प म्हटला की अनेकांच्या वाट्याला थिन फिल्म, म्हणजे काचेवर चढवलेला पदार्थाचा अतिपातळ थर, येते. रामकृष्णन यांनी ज्या ‘लोकलायझेशन’वर काम केले त्याचा या फिल्मशी काही खरा संबंध आहे का? असल्यास तो बी.एस्सी.च्या मुलांना कळेल अशा रीतीने कसा सांगावा?

उत्तर : राजारामपुरीचा निवृत्त मास्तर

पहिल्या प्रश्नावर मी लिहितो. दुसऱ्यावर प्रत्यक्ष फिल्म करणाऱ्या कुणीतरी लिहावे हे बरे.

रामकृष्णन यांचा जन्म १४ ऑगस्ट १९४१ चा. बी.एस्सी. आणि एम.एस्सी. बनारस हिंदू विद्यापीठात, तेही १९६१ पर्यंत आटोपलेले. डॉक्टरेट १९६६ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाची. पुढे कानपूरची आयआयटी, मध्ये प्रिन्स्टन, मग बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था आणि शेवटी पुन्हा बनारस, असा हा प्रवास आहे. यातले कानपूर लोक एका ओळीत उरकतात, ते आपण उरकू नये. १९५९ साली सुरू झालेली ही संस्था अमेरिकन विद्यापीठांच्या सहकार्याने उभी राहिली आणि १९६३ मध्येच तिथे आयबीएम १६२० हा संगणक आला. ज्या काळात बहुतेक भारतीय महाविद्यालयांत परदेशी नियतकालिके बोटीने, काही महिन्यांनी शिळी होऊन पोहोचत, त्या काळात कानपूरला घन पदार्थांच्या सिद्धान्तावर काम करणाऱ्यांचा एक चांगला गट जमला होता.

आता १९७९ कडे वळू. त्या वर्षीच्या मार्च महिन्यात रामकृष्णन यांचे दोन शोधनिबंध प्रसिद्ध झाले. एक ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’मध्ये, एलिहू अब्राहम्स, फिलिप अँडरसन आणि लिच्चार्देलो यांच्यासह. भौतिकशास्त्रात पुढे हे चौघे ‘चौकडी’ म्हणूनच ओळखले गेले. दुसरा निबंध ‘फिजिकल रिव्ह्यू बी’मध्ये होता, कानपूरचे सहकारी एम. युसूफ यांच्यासह. पहिल्याचा विषय अव्यवस्थित (अशुद्धी किंवा विस्कळीत अणुरचना असलेल्या) पदार्थातील विद्युत वहन, म्हणजेच लोकलायझेशन, दुसऱ्याचा विषय द्रवाचे गोठणे. व्याख्यानांत पहिल्याचेच नाव निघते, कारण त्यात अँडरसन आहेत आणि त्यांना दोनच वर्षांपूर्वी, १९७७ साली, नेव्हिल मॉट आणि व्हॅन व्लेक यांच्याबरोबर नोबेल मिळाले होते.

दुसरा निबंध बी.एस्सी.च्या वर्गापुढे मांडण्यास जास्त सोयीचा आहे, असे माझे मत आहे. पाणी शून्य अंशाला गोठते हे शाळेपासून पाठ असते. परंतु कोणताही द्रव नेमका केव्हा गोठावा हे त्या द्रवाच्याच गुणधर्मांवरून सांगता येईल का, असे विचारले तर वर्ग गप्प होतो. द्रवावर क्ष-किरण सोडले असता विखुरलेल्या किरणांच्या आलेखात एक ठळक शिखर दिसते, कारण द्रवातही शेजारच्या रेणूंमधील अंतरे साधारण ठरलेली असतात. साधे द्रव गोठण्याच्या सुमारास हे शिखर (आलेखाच्या दूरच्या सपाट भागाची उंची १ धरून) सुमारे २.८५ इतके उंच झालेले असते, हा नियम हॅन्सन आणि व्हर्ले यांनी १९६९ साली संगणकीय गणितावरून मांडला होता. असे का होते, याचे उत्तर त्या नियमात नव्हते. रामकृष्णन आणि युसूफ यांनी स्फटिकाकडे स्वतंत्र पदार्थ म्हणून न पाहता ज्याची घनता लाटालाटांनी, नियमित अंतराने कमीजास्त झाली आहे असा द्रव म्हणून पाहिले. अशी रचना होताना ऊर्जा आणि एंट्रॉपी (रेणूंच्या विस्कळीतपणाचे माप) यांचा हिशेब कुठे बरोबर सुटतो, हे त्यांनी द्रवाच्या रचनेच्या मोजता येण्याजोग्या माहितीवरूनच काढले. रेणूंमधील बलाचे सूत्र त्यात थेट घालावे लागत नाही, ही त्यातली खरी गंमत. पुढे बंगळुरूच्या गटाने हीच पद्धत काचेसारख्या पदार्थांना आणि लेसरच्या प्रकाशात गोठणाऱ्या कोलॉइडांना (द्रवात तरंगणाऱ्या सूक्ष्म कणांच्या मिश्रणांना) लावली.

तेव्हा तुमच्या प्रश्नाचे सरळ उत्तर असे : भारतातील सैद्धांतिक कामाचा दावा करायचा तर तो गोठण्याच्या सिद्धान्तावर करावा. लोकलायझेशनचे काम प्रिन्स्टनचे म्हणूनच सांगावे. तिथे अँडरसन होते, शेजारी बेल प्रयोगशाळा होती, आणि हा प्रश्न त्या परिसरात वीस वर्षे मुरत पडला होता. ते श्रेय कानपूरला जोडण्याचा अट्टहास केला तर एखादा चौकस विद्यार्थी निबंधावरचा पत्ता काढून दाखवील आणि मग तुमचे बाकीचे बोलणेही हवेत जाईल.

बंगळुरूच्या काळाविषयी दोनच वाक्ये. उच्च तापमानाच्या अतिवाहकांची (ज्यांचा विद्युत रोध शून्य होतो अशा पदार्थांची) लाट १९८७ च्या सुमारास आली तेव्हा सी. एन. आर. राव यांच्याबरोबर त्यांनी सामान्य वाचकांसाठी अतिवाहकतेवर एक प्रास्ताविक पुस्तक लिहिले. तुमच्या ग्रंथालयात असेल तर मुलांच्या हाती जरूर द्या. चुंबकीय क्षेत्र लावताच ज्यांचा रोध प्रचंड घटतो अशा मँगनाइट पदार्थांवरचा २००४ चा सिद्धान्त हा एच. आर. कृष्णमूर्ती, हसन आणि पै यांच्याबरोबरचा आहे, आणि तो पूर्णपणे इथला आहे.

उत्तर : काचपट्टी

मास्तरांनी मोकळी ठेवलेली बाजू मी घेते. मी थिन फिल्मवर पीएच.डी. केली असून सध्या जिल्ह्यातल्याच एका महाविद्यालयात शिकवते.

संबंध आहे, परंतु तो मुलांना वाटेल तिथे नाही. ऐतिहासिक संबंध अगदी घट्ट आहे. चौकडीने म्हटले की द्विमितीत, म्हणजे पुरेशा पातळ थरात, खराखुरा धातू असूच शकत नाही. तापमान उतरवत गेले की थराचा रोध हळूहळू, लॉगरिदमच्या चालीने, वाढतच जाणार. तोपर्यंत मॉट यांच्या मताला मान होता. धातूची वाहकता कमी होत होत एका किमान मूल्यापर्यंत येते आणि तिथून एकदम शून्यावर पडते, असे ते मत होते. नव्या सिद्धान्ताने ती किमान पायरीच काढून टाकली. त्याच वर्षी बेल प्रयोगशाळेत डोलन आणि ओशेरॉफ यांनी सोने आणि पॅलेडियम यांच्या मिश्रधातूचे अतिपातळ थर अतिशीत तापमानापर्यंत नेऊन मोजले आणि रोध लॉगरिदमनेच वाढताना दिसला. सिद्धान्त मार्चमध्ये आणि त्याची प्रायोगिक खूण त्याच सालात, असा योग फार क्वचित जुळतो. म्हणजे या सिद्धान्ताची पहिली मोठी परीक्षा थिन फिल्मवरच झाली, हे मुलांना अवश्य सांगा.

आपल्या प्रकल्पांतील फिल्म मात्र वेगळ्या जातीच्या आहेत. विद्यार्थी काचेची स्लाइड क्रोमिक ॲसिडने धुऊन कॅडमियमचे क्षार, थायोयुरिया आणि अमोनिया यांच्या द्रावणात उभी सोडतो, बीकर तापवतो, आणि स्लाइडवर पिवळा थर चढला की एका बाजूचा थर सौम्य ॲसिडात बुडवलेल्या कापसाच्या बोळ्याने पुसून काढतो. दुसऱ्या बाजूला सिल्व्हर पेस्टचे दोन ठिपके देऊन तारा जोडतो, स्लाइड हीटरवर ठेवतो आणि खोलीच्या तापमानापासून दोनएकशे अंशांपर्यंत रोध मोजत जातो. तापमान वाढले की रोध उतरतो. त्यावरून कोणी ‘लोकलायझेशन दिसले’ असे लिहू लागला तर त्याला तिथेच थांबवावे. हा अर्धवाहक आहे. उष्णतेने वाहक मोकळे होतात आणि शिवाय असंख्य बारीक कणांच्या सीमांवरचे अडथळे ओलांडणे त्यांना सोपे जाते. एवढ्या तापमानाला इलेक्ट्रॉनची लहर काही नॅनोमीटर जाते न जाते तोच जालकाच्या (अणूंच्या नियमित रचनेच्या) कंपनांवर आपटून आपली कला (फेज, म्हणजे लहर चढउताराच्या कोणत्या टप्प्यावर आहे ते) विसरते. चौकडीच्या सिद्धान्ताला हवी असते ती लांब अंतरापर्यंत टिकून राहिलेली कला, आणि ती मिळते द्रवरूप हेलियमच्या तापमानाला.

एका सापळ्याचा वेगळा उल्लेख करते, कारण तो प्रकल्पांच्या अहवालांत वारंवार दिसतो. मॉट यांचे ‘उड्या मारत होणाऱ्या वहना’चे (अडकलेला इलेक्ट्रॉन एका जागेवरून दुसरीकडे उडी घेत जातो त्या वहनाचे) सूत्र तापमानाच्या उणे एक-चतुर्थांश घातावर चालते. विद्यार्थी ३०० ते ४०० केल्विनमधली आकडेवारी त्या घाताविरुद्ध काढतो, रेषा सरळ येते आणि निष्कर्ष तयार होतो. परंतु या पट्ट्यात ती राशी ०.२४० वरून ०.२२४ वर, म्हणजे जेमतेम ७ टक्के बदलते. तापमानाचा साधा व्यस्तसुद्धा तिथे २५ टक्केच बदलतो. एवढ्याशा तुकड्यात कोणताही गुळगुळीत वक्र सरळच दिसणार! दोन्ही आलेख शेजारी शेजारी काढायला लावा आणि कोणता जास्त सरळ आहे ते मुलांनाच ठरवू द्या. ते ठरवता येत नाही हे त्यांच्या हातून दिसले की अव्यवस्थित पदार्थांचा अभ्यास अतिशीत तापमानाला का करतात हे वेगळे सांगावे लागणार नाही.

प्रतिसाद : कागलकर

मास्तर, मॅडम, दोघांचेही मनापासून आभार. गोठण्यापासून सुरुवात करून मग फिल्मकडे यावे असे आता ठरवत आहे, आणि त्या दोन आलेखांचा तास व्याख्यानाआधीच घेऊन टाकतो. एकच गोष्ट अजून अडते. ‘द्विमितीत धातू नाही, त्रिमितीत आहे’ हे विधान सूत्रांत मला समजते. नमुन्याची लांबी वाढवत नेली की वाहकता कशी बदलते त्याचे एकच फलन मानायचे, आणि वाहकता मोठी असताना त्याचे मूल्य मिती वजा दोन इतके येते. म्हणून त्रिमितीत ते धन, द्विमितीत शून्यावर टेकलेले. पण मुले विचारणार की दोन या आकड्यातच असे काय आहे? फळ्यावर फलन काढून त्यांचे समाधान होणार नाही, आणि खरे सांगायचे तर माझेही पूर्ण होत नाही.

उत्तर : जालक

याला एक उत्तर आहे, आणि कोल्हापुरात तर ते सांगायला फारच सोपे आहे. रंकाळ्याच्या एकाच प्रवेशद्वारातून दोन मित्र निघतात, एक डावीकडून आणि दुसरा उजवीकडून तलावाला पूर्ण फेरी घालतो. वाट तीच, अंतर तेच, फक्त दिशा उलट. चाल सारखी असेल तर दोघे एकाच क्षणी प्रवेशद्वाराशी परत येणार. अशुद्धींवर आपटत भटकणाऱ्या इलेक्ट्रॉनची लहर एकाच वेळी दोन्ही दिशांनी जाते. वाट कितीही वेडीवाकडी असली तरी सुलट आणि उलट फेरीत लहरीच्या कलेत सारखाच फरक पडतो, म्हणून मूळ जागी परतताना दोन्ही लहरी एकमेकींत मिळतात. दोन सारख्या लहरी मिळाल्या की आयाम (लहरीची उंची) दुप्पट आणि तीव्रता चौपट; वेगवेगळ्या धरल्या असत्या तर तीव्रता दुप्पटच झाली असती. म्हणजे इलेक्ट्रॉन मूळ जागी परतण्याची शक्यता साध्या भटकंतीच्या मानाने दुप्पट होते. जो परत येतो तो पुढे जात नाही, आणि पुढे जाणे कमी झाले की रोध वाढतो.

आता ‘दोन’चे महत्त्व. असा परिणाम किती मोठा होईल हे भटकणारा किती वेळा घरी परततो यावर ठरते. पोल्या या गणितज्ञाने १९२१ साली दाखवले की एका किंवा दोन मितींत यदृच्छ चालणारा कधी ना कधी निश्चितपणे सुरुवातीच्या जागी येतो. त्रिमितीत मात्र परतण्याची शक्यता सुमारे ३४ टक्केच असते. द्विमिती ही सीमारेषा आहे : परतणे निश्चित, पण अतिशय संथ, आणि त्या संथपणातूनच तो लॉगरिदम येतो. तुम्ही म्हणता ते ‘शून्यावर टेकलेले’ फलन प्रत्यक्षात शून्याच्या किंचित खाली असते, ते या परतीच्या लहरींमुळे. चौकडीने नेमके हे किंचित खाली असणे दाखवले. नमुन्याच्या लांबीबरोबर वाहकता कशी बदलते हा प्रश्न विचारण्याची मूळ कल्पना डेव्हिड थाउलेस यांची होती, हेही सांगायला हवे. २०१६ च्या नोबेलमुळे ते नाव मुलांनी कदाचित ऐकलेले असेल.

हे नुसते चित्र नाही, याचा पुरावा चुंबकीय क्षेत्राने मिळतो. थराला लंब दिशेने दुबळे चुंबकीय क्षेत्र लावले की सुलट आणि उलट फेरीच्या लहरींना विरुद्ध चिन्हांची कला मिळते, त्यांची जुळणी मोडते, आणि रोध कमी होतो. साध्या धातूत चुंबकीय क्षेत्राने रोध वाढतो हे आपण शिकवतो. इथे नेमके उलट. सोन्यासारख्या जड धातूत तर इलेक्ट्रॉनच्या फिरकीचा (स्पिनचा) गुंता मध्ये येऊन पुन्हा चिन्ह बदलते. ते हिकामी, लार्किन आणि नागाओका यांनी १९८० साली दाखवले. प्रयोगशाळांत आज नव्या पदार्थाच्या थरात इलेक्ट्रॉनची कला किती अंतरापर्यंत टिकते हे काढायचे असेल तर हीच युक्ती वापरतात.

उत्तर : राजारामपुरीचा निवृत्त मास्तर

रंकाळ्याचे उदाहरण मी उचलणार आहे, परवानगी गृहीत धरतो.

एक पुरवणी जोडतो, नाहीतर विद्यार्थी ‘द्विमितीत धातू नाही’ हे ब्रह्मवाक्य म्हणून घेऊन जातील. चौकडीचा निबंध एकमेकांशी भांडण नसलेल्या इलेक्ट्रॉनांविषयी आहे. त्यांच्यातील विद्युत प्रतिकर्षण त्यात धरलेले नाही. आणि तेही वगळून चालत नाही, कारण त्याच सुमारास रशियात आल्तशुलर आणि आरोनोव्ह यांनी दाखवले की प्रतिकर्षण आणि अव्यवस्था एकत्र आल्यासही पातळ थराच्या रोधात लॉगरिदम उगवतो. म्हणजे डोलन आणि ओशेरॉफ यांच्या आलेखातील लॉगरिदम कोणाचा, हा प्रश्न उभा राहिला. नुसत्या तापमानाच्या आलेखावरून तो सुटत नाही, चुंबकीय क्षेत्र लावूनच दोन्ही परिणाम वेगळे करावे लागतात. हा सगळा गुंता रामकृष्णन यांनी पॅट्रिक ली यांच्याबरोबर १९८५ साली ‘रिव्ह्यूज ऑफ मॉडर्न फिजिक्स’मधील दीर्घ लेखात उलगडून मांडला. पन्नासएक पानांचा तो लेख या विषयात शिरणाऱ्याला आजही आधी वाचायला देतात. एम.एस्सी.च्या विद्यार्थ्याने त्याची पहिली काही पाने वहीत गणित करत वाचली तरी वर्षभराचे काम होईल.

त्यानंतरही प्रकरण मिटले नाही. १९९४ साली क्रावचेंको आणि सहकाऱ्यांनी सिलिकॉनच्या अतिशुद्ध ट्रान्झिस्टरांत, म्हणजे पुन्हा द्विमितीतच, तापमान उतरवताना रोध कमी होत जातो असे मोजून दाखवले. इलेक्ट्रॉन विरळ असले आणि त्यांचे परस्पर प्रतिकर्षण प्रबळ असले की द्विमितीतही धातू शक्य आहे का, की आणखी खाली गेल्यावर रोध शेवटी वाढणारच, यावर अजून एकमत नाही. कागलकर, व्याख्यानाच्या अखेरीस मुलांनी ‘मग खरे काय?’ असे विचारले तर त्यांना हेच सांगा. आणि एखाद्याला त्यावर काम करायचे असेल तर त्याला हेलियमची सोय असलेल्या प्रयोगशाळांचा पत्ता काढायला लावा, तो काचपट्टी मॅडमना नक्की ठाऊक असेल.

उत्तर : काचपट्टी

ठाऊक आहे. मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था, दोन्ही ठिकाणी अतिशीत तापमानाची मोजमापे होतात, आणि टाटा संस्थेत एम.एस्सी. करणाऱ्यांसाठी उन्हाळी कार्यक्रमही असतो. अर्ज उन्हाळ्याच्या बरेच आधी करावा लागतो, तेव्हा विद्यार्थ्याने दिवाळीनंतरच संस्थेच्या संकेतस्थळावर लक्ष ठेवावे. त्याआधी आपल्याच प्रयोगशाळेत चार टोकांनी (दोन विद्युतधारेसाठी, दोन विभवांतरासाठी) रोध मोजायला शिकून जावे. सिल्व्हर पेस्टच्या दोन ठिपक्यांवर मोजलेल्या रोधात त्या ठिपक्यांचा स्वतःचा रोधही मिसळलेला असतो, आणि मुलाखतीत पहिला प्रश्न हमखास त्यावरच येतो.